पूर्वजाचे दत्तकविधान

पाण्याखाली असताना किती वाजले हे पाहण्याची निकड मनुष्यजातीपैकी फारच थोड्यांना पडते, आणि ज्यांना पडते ते हल्ली मनगटावर एक चिमुकला संगणक बांधून बुडी मारतात. खोली किती, तळाशी किती वेळ गेला, वर येताना कोठे किती थांबावे, हा सर्व हिशेब तो विनातक्रार मांडून देतो. असे असता पाणबुड्याचे घड्याळ नावाच्या वस्तूचा मोह ओसरू नये. उलट ते घड्याळ नवे नको, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे भासेल असे हवे. आणि तसे ते बाजारात तयार मिळत असले तरी तयारही नको, सुटे भाग दूरदूरच्या मुलखांतून मागवून स्वहस्ते जुळवलेले हवे, असा हट्ट एरवी सुज्ञ, कमावत्या आणि लेकुरवाळ्या गृहस्थांनी धरावा, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस उलगडत नव्हती. ती उलगडली आमच्या एका ठाणेकर स्नेह्यांच्या सहवासाने.

हे स्नेही विमा खात्याच्या दप्तरात उभी हयात घालवून निवृत्त झालेले. पोहणे त्यांना येत नाही. समुद्राशी त्यांचा संबंध पापलेटाच्या भावापुरता, आणि ठाणे हे तलावांचे शहर असले तरी त्या तलावांशी असलेला संबंध काठावरच्या भेळेपुरता. हिंदू धर्मशास्त्राने निपुत्रिकास पुत्र दत्तक घेण्याची मुभा दिली, लॉर्ड डलहौसीने संस्थानिकांची ती मुभा नामंजूर करून त्यांचे मुलूख खालसा केले, आणि दोन्ही व्यवहारांत कागदांचे ढीग पडले. परंतु वारसानेच उठून एखादा पूर्वज दत्तक घ्यावा, ही तजवीज कोणत्याही स्मृतिकाराच्या स्वप्नात आली नव्हती. ती ह्या घड्याळ जुळवणाऱ्या मंडळींना सुचली. आपला एक चुलत आजोबा फ्रेंच आरमारात होता, भूमध्य समुद्राच्या तळाशी त्याने शत्रूच्या जहाजांना सुरुंग लावले, आणि मरतेसमयी मनगटावरचे घड्याळ सोडवून आपल्या हाती ठेवले, असे घडायला हवे होते; ते घडले नाही, प्रत्यक्षातला चुलत आजोबा चिपळूणच्या मामलेदार कचेरीत शिरस्तेदार होता; तेव्हा नियतीच्या दप्तरात राहून गेलेली ही नोंद आपण मागाहून करून घ्यावी, एवढाच ह्या छंदाचा अंतःस्थ हेतू.

दत्तक घ्यायचा पूर्वज अर्थातच कुलीन हवा, आणि पाणबुड्या घड्याळांची वंशावळ आमच्या स्नेह्यांना स्वतःच्या कुलवृत्तांतापेक्षा अधिक मुखोद्गत आहे. तिचा आरंभ ते 1927 पासून करतात. मर्सिडीझ ग्लाइट्झ नावाच्या इंग्रज तरुणीने त्या साली इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा पुन्हा एकदा यत्न केला, तेव्हा तिच्या गळ्यात रोलेक्सचे ऑयस्टर घड्याळ अडकवलेले होते. गारठ्याने अर्धमेल्या झालेल्या त्या बाईंना शेवटी पाण्याबाहेर ओढून घ्यावे लागले, घड्याळ मात्र टिकटिकत बाहेर आले, आणि कंपनीने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन हा विजय साजरा केला. माणूस हरला आणि यंत्र जिंकले, ह्याचा एवढा जाहीर आनंद तोवर क्वचितच कोणी केला असेल. पुढे 1953 मध्ये फ्रेंच आरमाराच्या मालूबिए आणि रिफो ह्या दोन अधिकाऱ्यांच्या मागणीबरहुकूम ब्लांपॅं कंपनीचे ‘फिफ्टी फॅदम्स’, म्हणजे पन्नास वाव खोल जाणारे घड्याळ, सिद्ध झाले. त्याच सुमारास रोलेक्सचे ‘सबमरीनर’ आले. 1962 मध्ये शॉन कॉनरीच्या मनगटावर बसून ते जेम्स बाँडच्या पहिल्या चित्रपटात झळकले. आणि 1965 मध्ये जपानच्या सेइकोने दीडशे मीटर खोलीचे आपले पहिले पाणबुडे घड्याळ काढले. 1964 च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये बाँडच्या घड्याळाला घातलेला पट्टा कानांमधील अंतरापेक्षा चांगलाच अरुंद होता. चित्रपटवाल्यांची ती सरळसरळ बेपर्वाई. पण भक्तांपैकी काहीजण आजही मुद्दाम अरुंद पट्टा घालून दोन्ही बाजूंच्या फटी अभिमानाने मिरवतात. अवतारी पुरुषाच्या लीलांत दोष पाहू नयेत, हे तत्त्व येथेही लागू पडते.

त्या दोन फ्रेंच अधिकाऱ्यांच्या मागणीविषयी मला आदर वाटतो, कारण तीत शोभेचे एक अक्षर नव्हते. तबकडी काळी, कारण गढूळ पाण्यात तीवर पांढऱ्या खुणा उठून दिसतात. अंक आणि काटे ठसठशीत व अंधारात चमकणारे. भोवती फिरते कडे, ज्याचा बाण बुडी मारताना मोठ्या काट्यासमोर आणला की पाण्याखाली गेलेली मिनिटे नुसत्या नजरेने कळावीत. हल्ली हे कडे एकाच दिशेने फिरते, आणि त्यातही शहाणपण आहे: खडकावर आपटून ते सरकलेच तर गेलेला वेळ आहे त्याहून अधिक दिसतो, कमी कधीच दिसत नाही, आणि पाणबुड्या हवा संपण्याच्या आत वर येतो. ज्या कड्यावर कोणाचा प्राण अवलंबून होता त्या कड्याने आमचे स्नेही आता भाताची वेळ मोजतात. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची घराण्यात चालत आलेली पद्धत त्यांनी ह्या कड्यापायी मोडीत काढली आहे, आणि भात पूर्वीइतकाच कधी मोकळा तर कधी गिच्च होतो.

घड्याळाच्या पोटातले यंत्र, ज्याला आपले घड्याळजी नुसते ‘मशीन’ म्हणतात, ते ह्या सर्व प्रकरणातील सर्वांत कमी कौतुकाचे अंग होय. बहुतेक मंडळी सेइकोच्या घरचे ‘एनएच 35’ नावाचे मशीन घेतात. हाताच्या हालचालीने त्याला आपोआप चावी मिळते, तासाला 21,600 ठोके पडतात, पूर्ण चावी दिल्यावर ते 41 तास चालते, आणि त्यात 24 माणके असतात. ही शेवटली माहिती स्नेह्यांनी एकदा जेवणाच्या पंगतीत सहज बोलता बोलता दिली, तेव्हा वहिनींच्या मुद्रेवर त्या छंदाविषयी प्रथमच काही आस्था उमटली. परंतु ही माणके भट्टीत बनवलेली, राईच्या दाण्याहून लहान आणि केवळ चाकांच्या आसांची झीज टाळण्यासाठी बसवलेली असतात, आणि चोवीसच्या चोवीस माणकांसह ते सबंध मशीन एका बऱ्या साडीपेक्षा स्वस्त पडते, हे कळल्यावर ती आस्था आल्या वाटेने परत गेली.

खरा खर्च आणि खरी चिंता वेशभूषेची. केस एका देशातून, काटे दुसऱ्यातून, घुमटाकार काच तिसरीकडून, अशी फेरिस्त तयार होते, खलिते सुटतात, टपालाची वाट पाहण्यात महिने लोटतात, जकातीचा आकार निमूटपणे भरला जातो. तबकडी स्नेह्यांनी खास छापवून घेतली. तीवर कोणत्याही कारखान्याचे नाव नाही, कारण खोटे नाव लावणे हा त्यांच्या मते अधर्म होय. पूर्वज खोटा चालेल, आडनाव खोटे चालणार नाही. मात्र ‘200 मीटर = 660 फूट’ ही ओळ जुन्या परंपरेस अनुसरून आहे. दोनशे मीटरचे वस्तुतः 656 फूट होतात. वरच्या चार फुटांची ती उदारता जुन्या सबमरीनरवर होती, म्हणून येथेही आहे.

जुळणीचा मुहूर्त मे महिन्यात निघाला. वाऱ्याने धूळ उडते आणि धुळीचा एक कण काचेखाली अडकला तर तो भिंगातून पाहणाऱ्यास हिमालयाएवढा दिसतो, ह्या कारणास्तव दिवाणखान्यातील पंखा बंद करण्याचे फर्मान निघाले. खिडक्या लावल्या गेल्या. आणि ठाण्याच्या त्या उकाड्यात स्नेही डोळ्याला भिंग, बोटांना रबरी टोप्या व हाती पितळी चिमटा असा सरंजाम करून आसनस्थ झाले. पहिला विघ्नसंतोषी निघाला तो तबकडीचा पाय. तबकडीला खालून बारीक पाय असतात व ते मशीनच्या भोकांत बसतात. परंतु चावी तीनच्या अंकासमोर असावी की चारच्या जवळ, ह्यानुसार पायांच्या जागा बदलतात, म्हणून विक्रेते चार पाय देतात आणि नको असलेले दोन आपण छाटायचे असतात. स्नेह्यांनी ते छाटले, ह्या विधीला योग्य अशा गांभीर्याने. चावीची दांडी मापात कापणे हे त्याहून कठीण, कारण जास्त राहिलेली कमी करता येते, कमी झालेली जास्त करता येत नाही. ती केसाकेसाने घासली गेली.

ह्यानंतर काटे. तासकाट्याचे भोक दीड मिलिमीटर, मिनिटकाट्याचे 0.9, आणि सेकंदकाट्याच्या नळीचे अवघे 0.2. तबकडीवर तारखेची खिडकी नाही, कारण सन्माननीय जुन्या पाणबुड्या घड्याळांना ती नव्हती. परंतु मशीन तारखेचे, त्यामुळे तबकडीखाली तारखेचे चक्र रोज मध्यरात्री इमानाने एक घर पुढे सरकते आणि ते कोणालाही कधीही दिसत नाही. सरकारी खात्यांतून अशा प्रकारे चालणारी कामे मी पाहिलेली आहेत. खिडकी नसता काटे कोणत्याही क्षणी बसवले तरी जगाचे काही अडणार नव्हते. पण तारीख सरकण्याचा बारीक ‘टक’ आवाज ऐकून, तीच मध्यरात्र मानून, बरोबर बाराच्या जागी दोन्ही काटे बसवायचे, हा शास्त्रशुद्ध विधी स्नेह्यांनी सोडला नाही. “कोणाला दिसणार आहे?” असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मला ठाऊक असणार ना!”

सेकंदकाटा पापणीच्या केसाएवढा जाड. तो दांडीच्या टोकावर टेकवून दाबायचा, तो दाबता दाबता चिमट्यातून उडाला. त्यापुढे त्या घरात जी संचारबंदी जारी झाली तिचे वर्णन करण्यास कोतवालीचे जुने दप्तरच हवे. कोणी पाऊल उचलू नये, कोणी केर काढू नये, मोलकरणीस जिन्यातूनच परत पाठवावे. लोहचुंबक फिरवून पाहावा असे नातवाने सुचवले. पण काटा पितळेचा, तो चुंबकाला दाद देत नाही. सतरंजी उलटसुलट झाली, स्नेही विजेरी घेऊन पोटावर सरपटले, आणि बऱ्याच वेळाने वहिनींनी, सरबताचा पेला पुढे करीत, अत्यंत शांतपणे सांगितले की तुमच्या कोपरावर घामाने काहीतरी चिकटले आहे.

घड्याळ जुळले, चालू लागले. पण ते नवे दिसत होते, आणि हाच त्याचा एकमेव दोष होता. तेव्हा जराप्रवेशाचे संस्कार सुरू झाले. कड्यातली काळी ॲल्युमिनियमची पट्टी न्हाणीघरातल्या ब्लीचच्या पातळ द्रावणात सोडून तिचा रंग उडवतात. वर्षानुवर्षे ऊन आणि खारे पाणी खाऊन जुन्या घड्याळांच्या कड्यांवर जी राखी-निळी कळा येते ती येथे अर्ध्या तासात आणायची असते. क्षणभर लवकर काढली तर तारुण्य उरते, क्षणभर उशिरा काढली तर अंकच पुसले जातात. एरवी चुलीवरचे दूध ज्यांच्या देखत उतू जाते ते आमचे स्नेही त्या वाटीसमोर पाटावर बसून होते, आणि पट्टी बाहेर काढल्यावर तिचा विटलेला रंग पाहून ‘वा!’ म्हणाले. आमच्याकडे उन्हाने विटलेला पडदा बोहारणीला देतात. घड्याळांच्या दुनियेत उन्हाने तपकिरी पडलेल्या काळ्या तबकडीला ‘ट्रॉपिकल’ म्हणून मानमरातब आणि कैक पट किंमत मिळते. उष्ण कटिबंधात जन्मून जे आपल्याला फुकट लाभले आहे त्याचे मोल आपल्याला नाही, एवढेच ह्यावरून दिसते.

अंधारात चमकणाऱ्या खुणांची कथा अधिक गंभीर आहे. आरंभी ह्या खुणा रेडियमच्या रंगाने रंगवीत, आणि कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय लावलेल्या अमेरिकेतील कित्येक कामगार मुलींचा त्याने बळी घेतला. पुढे त्याच्या जागी सौम्य असे ट्रिशियम आले. त्याचे तेज सुमारे 12 वर्षांत, म्हणजे एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत, निम्मे होते. आणि तेज जाता जाता मूळचा पांढरा रंग सायीसारखा पिवळसर होत जातो. 1990 नंतरच्या दशकात जपानी संशोधनातून किरणोत्सर्ग नसलेले, उजेड पिऊन रात्री तो परत देणारे निर्धोक द्रव्य मिळाले, जे वर्षे उलटली तरी पांढरेच राहते. झाले, मोठीच पंचाईत! ज्या दोषातून सुटण्यासाठी एवढे रसायनशास्त्र खर्ची पडले तो दोष आता हौशी लोक त्या निर्धोक द्रव्यात मुद्दाम पिवळा रंग कालवून परत आणतात. स्नेह्यांच्या तबकडीवरील ठिपके तशाच सायीच्या रंगाचे आहेत. ते मरत असलेले दिसतात आणि रात्रभर लखलखतात.

ह्या व्यवहाराची दुसरी बाजू पाहायची तर मुंबईच्या चोरबाजारात जावे. फेवर-ल्युबाचे 1968 च्या सुमाराचे ‘बॅथी’, म्हणजे पाण्याची खोलीसुद्धा काट्याने दाखवणारे घड्याळ, एखाद्या कोपऱ्यात आपली वाट पाहत पडले असेल अशा आशेने स्नेही मला तेथे घेऊन गेले. त्या स्विस घराण्याचा हिंदुस्थानाशी व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा, त्यामुळे आशा अगदीच निराधार नव्हती. बॅथी मिळाले नाही. मिळाली ती निळी, केशरी, पोपटी रंगांची झगझगीत घड्याळे, खऱ्याखुऱ्या जुन्या मशीनांवर नव्याने रंगवलेल्या तबकड्या चढवलेली, एकाची केस आणि दुसऱ्याचे काटे एकत्र नांदवणारी. जगभरचे संग्राहक ह्या मालास ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नवख्यांना त्यापासून सावध करतात. स्नेह्यांनीही नाक मुरडले. जुन्याला नवे करून विकणारा तो कारागीर, आणि नव्याला जुने करून मिरवणारे हे गृहस्थ, एकमेकांसमोर उभे असता त्यांपैकी कोण कोणास भेसळखोर म्हणणार, हा निवाडा मी तरी दिला नसता. कारागिराच्या बाजूने इतके सांगता येईल की त्याचे मशीन निदान खरोखर जुने होते.

दत्तकविधानावर शिक्कामोर्तब झाले ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजीच्या टपरीवर. पाठीमागचे झाकण घट्ट बसवून घेण्याच्या निमित्ताने स्नेह्यांनी घड्याळ त्याच्या हाती दिले. त्याने ते भिंगाखाली धरले, विटलेले कडे पाहिले, सायीच्या रंगाचे ठिपके पाहिले, आणि विचारले, “वडिलांचं का, साहेब?” स्नेह्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे तेज आले ते रेडियमचेही नसेल. त्यांनी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. “जपून हां,” एवढेच म्हणाले.

वडिलांचे घड्याळ त्यांच्याकडे खरोखरच आहे. ते एचएमटीचे ‘जनता’, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगलोरला सुरू झालेल्या सरकारी कारखान्याच्या हातचे. रोज सकाळी चावी देण्याचे, अंगलटीने लहान, पाण्याला भिणारे. ते कपाटाच्या खणात, रेशनकार्ड आणि जुन्या चष्म्यांच्या शेजारी, बंद पडून आहे. कारखान्याचा गाशा गुंडाळण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला तेव्हा स्नेह्यांनी चहा पिता पिता फार हळहळ व्यक्त केली होती. “ते दुरुस्त करून का वापरत नाही?” असे विचारता त्यांनी मला समजावले की त्याची तबकडी फिकट आहे, कडे फिरत नाही, आणि एकंदर व्यक्तिमत्त्वात समुद्र नाही. औरस पिता हयातीतही कचेरीच्या पायऱ्यांपलीकडे गेला नव्हता, त्याला आता दर्यावर्दी कोठून करणार?

समुद्राचा प्रश्न अखेर गेल्या हिवाळ्यात ऐरणीवर आला. मालवणास आम्ही चौघे गेलो होतो; तेथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पोहता न येणाऱ्यांनाही पाठीवर हवेची टाकी बांधून, प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन, थोडे खाली नेऊन मासे दाखवतात. घड्याळाची शपथ असल्यासारखे स्नेही तयार झाले. होडीत त्यांना काळा पोशाख चढवण्यात आला. प्रशिक्षक पोरगा विशीतला, त्याने स्नेह्यांच्या मनगटाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “काका, ता घड्याळ काढून ठेवा हां. पाणी जाईल.”

“दोनशे मीटर!” स्नेही म्हणाले. “सहाशे साठ फूट!”

“असांदे काका. पण काढून ठेवा.”

त्याच्या स्वतःच्या मनगटावर काळ्या प्लास्टिकचा आकडे दाखवणारा डबा होता, आणि त्याच्याशी फ्रेंच आरमाराच्या परंपरेविषयी वाद घालणे, तोंडात नळी असता, शक्य नव्हते. शिवाय, मला वाटते, झाकणाखालची रबरी कडी आपण स्वतः बसवली आहे ही जाणीव स्नेह्यांना त्याच वेळी झाली असावी. कायदेशीर पाणबुड्या घड्याळाचा प्रत्येक नग लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासतात. ह्या नगाची तपासणी बादलीतसुद्धा झालेली नव्हती. त्यांनी घड्याळ सोडवून वहिनींच्या हाती दिले, पूर्वजाकडे पाहावे तसे एकवार त्याकडे पाहिले, आणि मागच्या मागे पाण्यात गेले.

वहिनींनी घड्याळ उलटसुलट करून पाहिले, त्याचे कडे कर्रकर्र फिरवले आणि ते हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. नंतर आम्ही माशांच्या भावाविषयी बोलत बसलो. स्नेही वर आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते, डोळे लाल झाले होते, आणि पोपटी मासा पाहिल्याचे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. वहिनींनी पर्स उघडून घड्याळाकडे एक कटाक्ष टाकला.

“अठरा मिनिटं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही उतरलात तेव्हाच बाण मोठ्या काट्यासमोर आणून ठेवला होता मी. तो मुलगा पंधरा म्हणाला होता ना? तीन मिनिटं वर दिली हो त्यानं, पैसे तेवढेच घेऊन.”